सगळी शाळा लाल

"हॅलो?… हां, बोल छोटे. बोल बोल, कान मोकळाच आहे, हात तेवढे नाहीत."

हात खरंच नव्हते. लॉन्ड्रीवालीच्या उजव्या हातात इस्त्री होती, डाव्या हातात कुणा वकिलाच्या शर्टाची कॉलर, आणि फोन खांदा आणि गाल यांच्यामध्ये असा चिमटलेला होता, की बघणाऱ्याला वाटावं तोही वाळत घातलाय. पलीकडे तिची धाकटी बहीण होती. धाकटी नुकतीच सरकारी आरोग्य खात्यात चिकटली होती, आणि त्याच दिवशी सकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा, एकटीने, एका अख्ख्या शाळेचं वजन केलं होतं.

"काय?… हळू बोल… अगं, हळू म्हणजे सावकाश! कुजबुजू नकोस, वाफेत काही ऐकू येत नाही… कुठे आहेस? जिन्यात? जिन्यात काय करतेस?… मीटिंग. कुणाबरोबर?… मोठ्या मॅडम. बरं, मग जा की… हं… काय लाल?… सगळी शाळा?"

इस्त्री हवेत थांबली.

"थांब, थांब. लाल म्हणजे स्टिकर ना?… हो, हो, माहितीये मला. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे जरा सांभाळा, लाल म्हणजे पोर फारच जाड… अगं, पण सगळीच कशी लाल?… पहिलीसुद्धा? छोटे, पहिलीतली पोरं फुंकर मारली तर उडतात… बरं, आमचं ध्यान?… तीही लाल."

आमचं ध्यान म्हणजे लॉन्ड्रीवालीची एकुलती एक मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती तिसरीत होती आणि झोपेतसुद्धा एका जागी राहत नसे.

"हं… हं… मग मॅडम काय म्हणतात?… पिशवी? पिशवीचा इथे काय संबंध?… अर्धी?"

आता इस्त्री शर्टावरून उचलून स्टँडवर गेली. ही गोष्ट भूकंपातही झाली नसती. पण पिशवीचं प्रकरण वेगळं होतं. दर महिन्याला शाळेतून प्रत्येक मुलाच्या हाती सरकारी पिशवी घरी येई. मैदा, साखर, तेल, थोडी डाळ, बिस्किटांचे पुडे, आणि पाण्यात घातली की नारिंगी सरबत होणारी एक पावडर. लॉन्ड्रीवालीच्या घरात माणसं दोन, कमावणारी इस्त्री एक. ती पिशवी आली की चूल हसायची.

"पुढच्या महिन्यापासून अर्धी?… कारण काय पण?… 'मुले सरकारी अन्न खाऊन स्थूल झाली आहेत.' असं लिहिलंयस तू?… तू नाही, अहवालात आपोआप येतं? आपोआप यायला अहवाल म्हणजे काय नखं आहेत?… हो, हो… अगं, ऐक ना… हो, तुझी पहिलीच नोकरी आहे, मान्य. अगं, ऐक ना, छोटे! पिशवी अर्धी झाली तर आमचा महिन्याचा शेवटचा आठवडा पहिल्या आठवड्यातच हजर होईल. मी काय त्या पोरीला चादरी उकडून घालू?"

एवढ्यात दार ढकललं गेलं आणि भिंगरी आडवी होऊन आत आली. सरळ आत येणं तिला शक्य नव्हतं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, कोटाच्या आत पाठीवर मोठा थोरला उंचवटा, आणि नाकाच्या शेंड्यावर लाल स्टिकर. एखादं कासव बक्षीस मिळवून घरी यावं तशी ती आली. टेकायची सोय नसल्यामुळे बाकाच्या अगदी कडेला बसली, आणि आईच्या हातांची वाट बघू लागली.

वाट बघायचं कारण असं. मागे एकदा शाळेच्या फाटकाशी पिशव्यांची अदलाबदल झाली होती आणि एक तर साफ गायब झाली होती. त्यानंतरच्या पालकसभेत लॉन्ड्रीवाली उभी राहिली. तिचा आवाज वर्षानुवर्षं कपडे धुण्याच्या यंत्रांवर मात करून तयार झालेला. ती म्हणाली, पिशवी मिळाली की थेट पाठीवर, पिशवीवरून कोट, आणि घरी आईने स्वतःच्या हाताने काढेपर्यंत ती उतरवायची नाही, छप्पर कोसळलं तरी नाही. सगळ्या आयांनी घरी जाऊन हे पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं. मुख्याध्यापकांनीसुद्धा स्वतःचा डबा कोटाखाली ठेवायला सुरुवात केली, असं ऐकिवात होतं.

तर भिंगरी वाट बघत होती. आईने तिच्याकडे बघून, बस हं, अशी मान हलवली आणि पुन्हा फोनमध्ये शिरली.

"आली, आली. ही काय समोरच बसलीये… नाही गं, वाईट कसलं वाटलंय? नाकावर लावून मिरवतेय… आणखी काय आहे अहवालात?… पाठी? सगळ्यांच्या पाठींना काय झालंय?… पोक? छोटे, पोकाची साथ येत नसते!… 'शाळेतील बहुतांश मुलांत पोक आढळले.' वा… व्यायाम सुचवलेत? दाराला लोंबकळायचे? वा, वा. भिंगरे, सरळ बस जरा."

आपण सरळच बसलोय, हे भिंगरीने दोन्ही हात पसरून दाखवलं.

"म्हणतेय सरळच बसलीये… हिरवा एकालाही नाही?… आणि पिवळा?… एकच? कोण तो भाग्यवान?… बेकरीवाल्याचा? बेकरीवाल्याचा मुलगा पिवळा, आणि माझी लाल? छोटे, तू त्याला बघितलंयस ना? तो जिना उतरतो तेव्हा आमच्या खिडक्या वाजतात. गोड पोर आहे गं, पण सगळीकडून गोड आहे…"

भिंगरी मध्येच सांगू लागली. लॉन्ड्रीवालीने एक कान तिला दिला.

"ही म्हणतेय, तो रडत घरी गेला. सगळी पोरं लाल टीम, आणि हा एकटाच पिवळा. कुणी खेळायला घेईना… हो, आजोबा होते ना बरोबर… आजोबा कशाला आले होते?… त्याचा हात मुरगळलाय. बरं, मग?… मग त्याची पिशवी आजोबांनी धरली."

लॉन्ड्रीवाली हे वाक्य बोलली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने सावकाश मान वळवली. बाकाच्या कडेला भिंगरी बसली होती. भिंगरीच्या पाठीवर कोट होता. कोटाच्या आत अख्खा डोंगर होता.

"छोटे… बाकीच्यांच्या पिशव्या कुठे होत्या?… घरी नाही गं. तू काट्यावर उभं करत होतीस तेव्हा… दिसल्या नाहीत. एकही दिसली नाही… मला सांग, रांगेत आधी वजन होतं की आधी पिशवी?… आधी पिशवी, लगेच पुढच्या टेबलावर वजन. म्हणजे दोन वेळा वर्ग सोडायला नको. छान सोय केलीत… आणि कोट?… थंडी होती म्हणून काढायला लावले नाहीस. दयाळू आहेस हं, छोटे, लहानपणापासून दयाळू… काही नाही. जिन्यातून हलू नकोस. फोन ठेवू नकोस. भिंगरे, काट्यावर चढ!"

लॉन्ड्रीत कोपऱ्यात एक भक्कम काटा होता. त्याच्यावर हॉटेलचे चादरींचे गठ्ठे तोलले जात. भिंगरी कोटासकट चढली. काटा 'अरे बापरे' म्हणाल्यासारखा करकरला. मग लॉन्ड्रीवालीने फोन तोंडात धरून कोट काढला आणि पिशवीच्या बंदाला हात घातला. भिंगरीने आधी मागे वळून खात्री करून घेतली.

"हो, मीच काढतेय! आईच आहे मी तुझी!… नाही गं छोटे, तुला नाही, हिला… हॅलो? हां, ऐक. पिशवी भरली बरोब्बर आठ चादरी… किलो कुठले? काट्यावरचे आकडे वाफेने पुसले गेलेत, मी चादरींवर चालते… डबल बेडच्या… बरं, बरं, एक चादर पाऊण किलो धर… हो. सहा. सहा किलो! छोटे, तू शाळेतल्या प्रत्येक पोराच्या अंगावर सहा किलोचं सरकार चढवून वजन केलंस!"

पलीकडून बराच वेळ एक विचित्र आवाज येत राहिला.

"रडतेस की हसतेस?… दोन्हींत एकच आवाज येतो तुझा, एक काय ते ठरव… हो. पोकसुद्धा पिशवीचंच… नाही, नोकरी कशी जाईल? सगळी चूक तुझी नाही. थोडी तुझी, आणि उरलेली सगळी माझी. पिशवी उतरवू नका म्हणून मीच ओरडले होते ना… आता काय करायचं म्हणजे? आत जा आणि सांग… मॅडम खाऊन टाकतील? टाकू देत, मग त्यांनाही काट्यावर घेऊ… नाही, मी गंभीरच आहे. एक कर, आधी आमच्या ध्यानाचं बघ. तिच्या आकड्यातून सहा वजा कर आणि रंग सांग. मला मेलीला हिरवा ऐकू दे एकदा."

ती थांबली. भिंगरी काट्यावरच मांडी घालून बसली होती. पिशवी उघडून तिने बिस्किटांचा पुडा फोडला होता.

"पिवळा?… नीट वजा केलंस ना? परत कर… उंची किती धरलीयेस? ती टाचा उचलून उभी राहते… बरं, मग खाली दाबून राहिली असेल… हं… हं. पिवळा तर पिवळा."

लॉन्ड्रीवाली पोरीकडे बघत राहिली. भिंगरी एक बिस्किट तोंडात, एक हातात आणि एक मांडीखाली लपवून, अशी तीन आघाड्यांवर खात होती. कुणीतरी मागून येऊन पुडा नेणार असल्यासारखी. पिशवी आल्यापासून पुढचे काही दिवस ती अशीच खायची. लॉन्ड्रीवालीने ते शंभरदा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं, की चला, पोर पोटभर खातेय.

"…आहे, आहे, इथेच आहे. काही नाही… छोटे, ती चावत नाहीये गं. नुसती गिळतेय… पुढे सांगते. तू जा आत. जा… जीभ वळणार नाही? मग मला दे. फोन दे त्यांच्या हातात, म्हण, माझी ताई बोलते. उचल पाय."

मग जिन्याचे आवाज आले, दाराचे आले, खुर्ची सरकल्याचा आला. लॉन्ड्रीवालीने इस्त्रीचं बटण बंद केलं, केस मागे सारले आणि वकिलाच्या शर्टाची कॉलर सारखी केली. स्वतःची कॉलर नव्हती म्हणून.

"हॅलो?… नमस्कार, मॅडम. हो, मीच हिची ताई… लॉन्ड्री… नाही, ड्रायक्लीन नाही करत आम्ही… हो मॅडम, कोटाखाली… सगळ्यांच्या… बेकरीवाल्याचा सोडून, हो. त्याचे आजोबा होते… मीच सांगितलं होतं, मॅडम, सभेत, मोठ्याने. हिला बिचारीला कसं कळणार, तिला वाटलं पोरंच तशी आहेत… हो, पोकही… नाही, साथ नाहीये… तुम्ही हसताय ना? हां. मला वाटलं खोकला लागला."

आवाज थोडा सैल झाला. तिने काउंटरला कोपर टेकवलं. पलीकडून मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला.

"म्हणजे… बाकी मुलं सगळी ठीक आहेत ना, असं म्हणताय…"

इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की अहवाल केराच्या टोपलीत, पिशवी पूर्ण, आणि दुपारच्या आत पडदे धुवायला मोकळी. मॅडमच्या मागे उभी राहून धाकटी हो म्हण, हो म्हण, अशी मान डोलावत असणार, याची लॉन्ड्रीवालीला एवढी खात्री होती, की तिला ती मान फोनमधून दिसलीच.

"नाही, मॅडम. सगळी ठीक नाहीत… माझीच नाहीये. पिशवी काढूनसुद्धा पिवळी येते… हो. आणि ती एकटी नसणार… नाही, थांबा. मॅडम, थांबा, ऐका ना… पिशवी अर्धी केलीत म्हणून पोर अर्धं होत नाही!"

हे जरा जोरात गेलं. आरशातल्या स्वतःला तिने डोळे वटारले आणि आवाज खाली आणला.

"माफ करा, यंत्रांमुळे सवय लागलीये… सांगते ना. पिशवी आली की घरात पहिल्या आठवड्यात काय असतं? साखर, मैदा, बिस्किटं, ते सरबत. पोरगी तुटून पडते, मीही पडू देते. का, तर शेवटी काय असतं ते दोघींना माहितीये. शेवटी पातळ डाळ. मग आणखी पातळ. मग नुसतंच पाणी, डाळीची आठवण घालून. मग आली पिशवी, की परत पूर… हो ना. मग पोर आधी खाऊन साठवून ठेवायला शिकतं. उंटासारखं… अर्धी केलीत तर आणखी भरभर खाईल, मॅडम. जाडही होईल आणि उपाशीही राहील. दोन्ही एकदम. आमच्याकडे तेवढी सोय आहे."

पलीकडून कागदावर पेन फिरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"…ती पावडर? ती मी इस्त्रीला लावते… गंमत नाही करत. इस्त्रीच्या पोटात पाण्याचा खार धरतो ना, एक चमचा घातली की लख्ख. हॉटेलवाला विचारतो, चादरींना संत्र्याचा वास कसा येतो. आणि तेच ही दिवसाला तीन ग्लास पिते… हो, आतून लख्ख असेल. हसा, हसा… काय?… मला विचारताय?"

ती खुर्ची शोधू लागली. खुर्चीवर हॉटेलचे टॉवेल होते. ती टॉवेलांवर बसली.

"माझ्या मनात काय असतं, म्हणजे… पिशवीत?… कधी कुणी विचारलं नाही, म्हणून जरा… हां. अंडी. अंडी हवीत, मॅडम. डाळ जास्त, साखर कमी. गाजरं, कोबी, असं टिकणारं काहीतरी. आणि एकदम महिन्याचं देण्यापेक्षा दोनदा दिलंत, तर तो पूरही येणार नाही आणि ते पाणीही… बिस्किटं? बिस्किटं बंदच करा सरळ…"

काट्यावरून एक किंकाळी आली.

"एक मिनिट हं, मॅडम. समोरच्या पक्षाशी बोलते… काय गं?… दोन? दोन नाही… एक. एकच पुडा… आणि तोही चावून. कबूल? हात पुढे कर… हॅलो? मॅडम, एक पुडा राहू द्या. नाहीतर पक्षाचं म्हणणं आहे, पिशवी उचलली जाणार नाही… हो, फार कडक वकील आहे. फुकटात काम करते… अंडी पोरांच्या पाठीवर? नको नको! ही कठड्यावरून घसरत येते घरी. आया आणतील. मी सांगते ना सगळ्यांना, माझं ऐकतात… हो… हो, मॅडम. आजचा घोळ त्याच्यामुळेच झाला. या वेळी हळू सांगेन."

मग ती उभी राहिली. टॉवेल पडले, ते पडू दिले.

"म्हणजे… पूर्ण? पुढच्या महिन्यात पूर्णच?… उद्या परत वजन, कोट पिशवी काढून. चालेल. आणि बदलाचं वरती पाठवणार… वेळ लागेल, हो, सरकारी काम आहे, पडदा वाळायलाही वेळ लागतो. पण तोवर पूर्ण ना?… पूर्ण. भिंगरे, पूर्ण!"

भिंगरीला नक्की काय पूर्ण झालं ते कळलं नाही. पण ती काट्यावरून उडी मारून लॉन्ड्रीभर भिरभिरू लागली, आणि चादरीखालून शिरून पडद्यातून बाहेर निघाली.

"आभारी आहे, मॅडम, फार… नाही, मी कसली येते ऑफिसात… तुम्ही म्हणत असाल तर येईन. काय घालून येऊ हा प्रश्न आहे. दुकानात चारशे कपडे आहेत, त्यात माझा एक नाही… हो, हो, द्या तिला फोन… छोटे! ऐकलंस? बघ, खाल्लं का कुणी तुला?… अगं, पुरे आता, नाक पूस… काय चाललंय तिकडे? एवढं हसतंय कोण?… काट्यावर कोण उभं आहे?… मॅडम? स्वतः?"

लॉन्ड्रीवालीने इस्त्री पुन्हा सुरू केली आणि फोन खांद्यात चिमटला.

"खात्री करून घ्यायला. बरं. पाठीवर पिशवी, वरून कोट, अगदी पोरांसारखं. हुशार बाई आहे… लाल आला? यायचाच, सहा किलोची पिशवी आहे… काढली? पिशवी काढली… हं… तरी लालच? मग कोटाचं सांग. म्हण, सरकारी कोट जाड असतो… तोही काढला… बूट?… बूटही काढलेत."

तिने वकिलाची कॉलर हाताखाली घेतली आणि थोडा विचार केला.

"काय बघतायत त्या?… तुझ्याकडे. सगळं ऑफिस तुझ्याकडे बघतंय… घाबरतेस काय? सांग, लाल स्टिकर संपले… अगं, खोटं कुठे? सकाळी सगळ्या शाळेला लावून बसलीस की! ठेव आता. ठेवते."